एकाच घरात टाइप १ आणि टाइप २ मधुमेह : स्वयंपाक एक ठेवावा की दोन?

कृष्णाकाठ (सातारा), सोमवार

नमस्कार. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मे महिन्याच्या अखेरीस तिला सतत तहान लागू लागली, रात्री चार-चार वेळा ती लघवीला उठू लागली आणि तीन आठवड्यांत तिचे वजन चार किलोंनी उतरले. उन्हाळा आहे, खेळते फार, असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. ज्यांना पहिल्यांदा दाखवले त्यांनी लघवीच्या संसर्गाचे औषध दिले आणि साखर तपासली नाही. चौथ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या, श्वास खोल आणि जोरजोरात चालू लागला. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातली साखर ४८६ होती आणि रक्तात आम्ल साठले होते. पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून ती घरी आली. निदान टाइप १ मधुमेह. आता दिवसातून चार वेळा इन्सुलिन चालू आहे.

माझ्या सासूबाईंना सोळा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड अशा गोळ्या चालू आहेत. त्यांचे नातीवर अतिशय प्रेम आहे आणि त्याच प्रेमापोटी त्या तिला स्वतःचे पथ्य लावू पाहतात: भात बंद, केळे बंद, सकाळी कारल्याचा रस. भेटायला येणारे नातेवाईक तर ‘चॉकलेटे फार खायची, म्हणून झाले’ असे मुलीच्या तोंडावर बोलतात. ‘पथ्य नीट पाळले तर इन्सुलिन सुटते, आमच्या अमक्याचे सुटले’ हेही रोज ऐकू येते.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एकाच रोगाच्या या दोन प्रकारांना आहार एकच असतो का? आणि सासूबाई भात सोडून दोन वेळा ज्वारीची भाकरीच खातात, तरी जेवणानंतर दोन तासांनी त्यांची साखर २३०च्या पुढे का जाते?


अश्विनी_नक्षत्र, सोमवार

मी वैद्यकीय व्यवसायात आहे. आधी मुलीबद्दल, कारण तिथे चूक झाली तर वेळ मिळत नाही.

टाइप १ मध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी याच असतात. चॉकलेटाने, पेढ्याने किंवा आईच्या लाडाने हा आजार होत नाही. तुमच्या मुलीने काही चुकीचे खाल्ले नाही आणि तुम्हीही तिला काही चुकीचे खाऊ घातले नाही. हे वाक्य घरात सर्वांसमोर, तिला ऐकू जाईल असे, एकदा मोठ्याने म्हणाच.

पथ्याने इन्सुलिन सुटते का, याचे उत्तर इतिहासात आहे. इन्सुलिन हाती येण्यापूर्वी टाइप १ च्या मुलांवर आहार हा एकच उपचार होता. अमेरिकेत फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतीने मुलांना जवळजवळ उपाशी ठेवले जाई. साखर खाली येई, मुले काही महिने, क्वचित एखाददोन वर्षे अधिक जगत, आणि हाडांचा सापळा होऊन जात. १९२१ मध्ये टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिओड यांच्या प्रयोगशाळेत काम केले, कॉलिप यांनी स्वादुपिंडाचा अर्क शुद्ध केला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचला गेला. आहाराने जे कधीच साधले नव्हते ते त्या अर्काने साधले. म्हणून टाइप १ मध्ये इन्सुलिन हा उपचार आहे, आणि आहार हा त्या इन्सुलिनशी जुळवून घेण्याचा हिशेब आहे.

निदानानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अनेक मुलांची इन्सुलिनची गरज एकदम घटते. उरलेल्या थोड्या पेशी काही काळ पुन्हा काम करतात. नेमके याच वेळी घरच्यांना वाटते की काढा लागू पडला. हा काळ संपतोच. त्या वेळी मात्रा कमी करायची ती डॉक्टरांना विचारून, आणि इन्सुलिन पूर्ण थांबवायचे नाही.

टाइप २ ची गोष्ट वेगळी आहे. तिथे इन्सुलिन असते, पण यकृत, स्नायू आणि चरबी त्याला दाद देत नाहीत. स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन बनवत राहते आणि वर्षानुवर्षांनी थकते. इथे आहार, वजन आणि चालणे हे खरोखरीचे उपचार आहेत.


रानवाट, सोमवार

कृष्णाकाठताई, मुलीसमोर कोणी चॉकलेटाचा विषय काढला तर त्यांना तिथेच थांबवा. माझ्या भाच्याने ते बोलणे इतके मनाला लावून घेतले होते की तो वर्षभर शाळेत चोरून इंजेक्शन घेत होता.


सांजवेळ_पुणे, मंगळवार

मला स्वतःला टाइप १ होऊन चोवीस वर्षे झाली. निदान झाले तेव्हा मी नववीत होते. आज नोकरी करते, मला एक मुलगा आहे, आणि मी भात खाते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या स्वयंपाकघरातून देते. स्वयंपाक एकच असावा, हिशेब दोन असावेत. मुलीचे वय वाढीचे आहे. तिला पिष्टमय पदार्थ लागतात, दूध लागते, फळ लागते. तिच्यासाठी प्रश्न ‘हे खाऊ का’ असा नसून ‘यात कर्बोदके किती आणि त्याला इन्सुलिन किती’ असा असतो. किती ग्रॅमला एक युनिट हे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते, एकाच माणसाचे सकाळचे आणि रात्रीचेही निराळे असते, आणि ते तुमचे डॉक्टर नोंदी पाहून ठरवतात. त्यासाठी घरात एक छोटा वजनकाटा आणि एक ठरलेली वाटी हवी. पहिले दोन महिने मी सगळे मोजले: शिजलेला भात १०० ग्रॅम म्हणजे सुमारे २८ ग्रॅम कर्बोदके, ३० ग्रॅम कणकेची पोळी म्हणजे सुमारे २० ग्रॅम, मध्यम केळे म्हणजे २५ च्या आसपास, पेलाभर दूध म्हणजे १० ग्रॅम. दोन महिन्यांनंतर डोळ्यांनाच माप कळू लागते.

इन्सुलिन कधी टोचता यानेही फार फरक पडतो. जेवणाचे इन्सुलिन लगेच काम सुरू करत नाही. मी ते ताट वाढण्याच्या पंधरा-वीस मिनिटे आधी घेते. पुरणपोळीच्या दिवशी आणखी एक अनुभव येतो. भरपूर तूप असले की साखर दोन तासांनी ठीक दिसते आणि चार तासांनी चढते, कारण स्निग्ध पदार्थ पोट रिकामे व्हायचा वेग मंदावतात. हे मला कोणी सांगितले नव्हते. नोंदवही लिहिल्यामुळे कळले.

शाळेच्या दप्तरात ग्लुकोजची पूड किंवा लिमलेटच्या गोळ्या कायम असू द्या. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरू लागले, घाम आला, तर लगेच साखरच द्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. मोठ्या माणसासाठी तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून पुरते. लहान मुलीला वजनाप्रमाणे कमी लागेल, ते माप विचारून घ्या. त्या वेळी चॉकलेट किंवा लाडू देऊ नका. स्निग्ध पदार्थांमुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या शिक्षकांना हे लिहून द्या.


माणदेशी, मंगळवार

वरील दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, परंतु भाकरीबद्दल मला वेगळे म्हणायचे आहे. आमच्या भागात तीन पिढ्या ज्वारी-बाजरीवर जगल्या. माझे आजोबा एका बैठकीत तीन भाकऱ्या खात आणि त्यांना शेवटपर्यंत मधुमेह झाला नाही. भाकरीने साखर वाढते हे मला पटत नाही. पीठ बाहेरचे असेल, ज्वारी संकरित असेल, किंवा दुसरे काही खाल्ले जात असेल.


अश्विनी_नक्षत्र, मंगळवार

माणदेशी, भाकरीवर माझेही प्रेम आहे, म्हणूनच आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि १० ग्रॅम तंतुमय घटक असतात. बाजरीत ६२ आणि ११, नाचणीत ६७ आणि ११, गव्हाच्या कणकेत ६४ आणि ११, तर पांढऱ्या तांदळात ७८ आणि जेमतेम ३. म्हणजे तांदूळ वेगळा पडतो हे खरे, पण ज्वारी आणि न चाळलेली कणीक यांत लोक मानतात तेवढे अंतर नाही.

आता मापाकडे या. आपल्याकडची परातीवर थापलेली मोठी भाकरी ८० ते १०० ग्रॅम पिठाची असते. अशा दोन भाकऱ्या म्हणजे १२० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके झाली. पातळ फुलके मात्र २५ ग्रॅमचे असतात आणि आपण ते मोजून खातो. भाकरी ‘पथ्याची’ म्हणून न मोजता खाल्ली जाते.

पिठाचा बारीकपणाही पाहावा. अख्खा दाणा सावकाश पचतो, बारीक पीठ लवकर पचते, आणि पीठ पाण्यात शिजवून पातळ केले की आणखी लवकर. नाचणीचे सत्त्व तर गाळलेले असते, त्यातला कोंडा निघून गेलेला असतो. नाचणी चांगली म्हणून रोज सकाळी वाडगाभर सत्त्व पिणाऱ्यांच्या साखरेचे आकडे मी पाहिले आहेत, ते चांगले नसतात.

आजोबांबद्दल एवढेच विचारतो की ते तीन भाकऱ्या खाऊन पुढे दिवसभर काय करत होते? मोटेवर आणि नांगरामागे आठ तास राबणारे स्नायू रक्तातली साखर सतत ओढून घेत असतात. तेच जेवण खुर्चीत बसणाऱ्याला लागू पडत नाही.


माणदेशी, मंगळवार

पटले. आज रात्री आमच्या घरच्या भाकरीचे पीठ तोलून पाहतो.


केतकी_वन, मंगळवार

गुळाबद्दल कोणीच बोलले नाही. साखरेऐवजी सेंद्रिय गूळ किंवा मध वापरला तर मधुमेह्यांना चालतो असे आमच्या योगवर्गात सांगितले जाते. माझ्या आई-वडिलांनी त्यामुळे साखर पूर्ण सोडली आहे.


सांजवेळ_पुणे, मंगळवार

केतकी, माझ्यापुरता याचा निकाल ग्लुकोमीटरने लावला आहे. गूळ म्हणजे उसाचा रसच आटवलेला, त्यामुळे त्यात बहुतांश सुक्रोज असते, साखरेत असते तेच. थोडे लोह आणि थोडी खनिजे जास्त असतात, पण ती मिळवण्यासाठी लागणारा गूळ मधुमेह्याला परवडत नाही. मधातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच असते. मी इन्सुलिनचा हिशेब करताना गूळ आणि साखर एकाच रकान्यात लिहिते. आई-वडिलांनी साखर सोडली आणि चहात तितकाच गूळ घातला असेल, तर त्यांनी काहीच सोडलेले नाही. कृपया राग मानू नका, पण त्यांना हे लवकर सांगा.


चरकपथ, बुधवार

मी आयुर्वेदाचा पदवीधर आहे आणि कारल्याच्या रसाचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराचे) दोन प्रकार सांगितले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मतः आलेला, आणि दुसरा अपथ्यनिमित्तज, म्हणजे चुकीच्या आहारविहाराने झालेला. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष, कमी खाणारा आणि फार तहानलेला असतो. दुसऱ्याचा स्थूल, पुष्कळ खाणारा आणि बसून-निजून राहणारा असतो. आजच्या टाइप १ आणि टाइप २ शी हे तंतोतंत जुळते असा दावा मी करणार नाही. मात्र सगळ्या मधुमेह्यांना एकच पथ्य लावू नये हा विचार आपल्याकडे फार जुना आहे, आणि सासूबाईंना हे सांगितले तर कदाचित त्या ऐकतील. आधुनिक वैद्यकात लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनी इन्सुलिनला दाद देणारे आणि न देणारे रुग्ण असा भेद १९३६ मध्ये मांडला.

कारले ही भाजी म्हणून उत्तम आहे. मेथीदाण्यातल्या विरघळणाऱ्या तंतूंमुळे साखर सावकाश शोषली जाते आणि त्यावर हैदराबादच्या त्याच संस्थेत अभ्यास झालेले आहेत. परंतु इन्सुलिन मुळातच नसलेल्या मुलीला यातले काहीही इन्सुलिनच्या जागी देणे म्हणजे तिला पुन्हा त्या अतिदक्षता विभागात पाठवणे होय. माझ्याकडे अशी मुले घेऊन पालक येतात तेव्हा मी पहिला प्रश्न आजचे इन्सुलिन दिले का हाच विचारतो.


मांडवी, बुधवार

गोव्यातून लिहीत आहे. देशभरातल्या मोठ्या पाहणीचे जे निष्कर्ष भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ मध्ये दिले, त्यांत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे दिसले, आणि सर्वांत जास्त प्रमाण आमच्या गोव्याचे निघाले, २६.४ टक्के. तेव्हापासून घरोघरी भाताला दोष दिला जातो.

माझ्या घरी भात गेला नाही, बदलला. आजी उकडे तांदूळ वापरायची, मधल्या काळात आम्ही पांढऱ्या सुरय तांदळावर गेलो होतो, आता पुन्हा उकड्यावर आलो आहोत. साळ उकडून वाळवल्यामुळे दाण्यातला स्टार्च घट्ट होतो आणि थोडा सावकाश पचतो. फरक आहे, पण त्याच्या भरवशावर ताटभर भात खाण्याएवढा नाही. वडिलांची साखर उतरली ती भाताचा ढीग अर्धा केल्यावर आणि जेवणाची सुरुवात मासा व भाजीने केल्यावर. भाजी आणि प्रथिने आधी व भात शेवटी हा क्रम ठेवला की साखरेचा चढ कमी होतो, हे त्यांनी स्वतः बोट टोचून पाहिले आहे.


वैनगंगा_तीर, बुधवार

विदर्भातून एक सूचना, थोडी बाजूची पण महत्त्वाची. आमच्याकडे सिकलसेलचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशींच्या आनुवंशिक आजाराचे, रुग्ण आणि वाहक बरेच आहेत. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशींवर अवलंबून असते. पेशी लवकर मोडत असतील तर आकडा खोटा कमी येतो. उलट लोहाच्या कमतरतेने पंडुरोग असेल तर तो खोटा जास्त येऊ शकतो, आणि हे तर आपल्या घरोघरच्या बायकांना लागू आहे. माझ्या मोठ्या बहिणीचा आकडा वर्षभर ५.९ येत होता आणि ग्लुकोमीटर जेवणानंतर २४० दाखवत होता. ती सिकलसेलची रुग्ण आहे हे कोणी विचारातच घेतले नव्हते. दोन आकडे जुळत नसतील तर डॉक्टरांना तसे विचारा.


पारिजात_७१, बुधवार

सडपातळ माणसालाही टाइप २ होतो हे इथे कोणीतरी लिहायला हवे होते. माझा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानाने वजन) २२ आहे, आयुष्यभर ‘तुला काय होणार’ असे ऐकले, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी उपाशीपोटी साखर १५८ निघाली. १२६ पासून मधुमेह धरतात.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने मला माझे शरीर समजले. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापली. दोघांचाही इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सारखी दिसणारी दोन माणसे आतून एवढी वेगळी. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर माता आणि त्यांची मुले यांचा जो अभ्यास चालवला, त्यात आपली बाळे जन्मतःच वजनाने लहान आणि तरी चरबीने समृद्ध असतात असे दिसले. त्यामुळे आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कंबरेचा घेर जास्त खरे बोलतो. सुनेच्या गरोदरपणापासून मधुमेहाचा विचार करावा हे मला या अभ्यासातून उमगले. आईच्या ब१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा बाळावर परिणाम होतो असेही त्यात दिसले, म्हणून मुलीच्या लग्नानंतर मी तिला ब१२ तपासायला लावले.

कृशपणाची दुसरी बाजूही आहे. लहानपणी फार कुपोषण झालेल्या काही तरुणांना इन्सुलिनच्या कमतरतेचा मधुमेह होतो. १९८५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला जागा होती, १९९९ मध्ये ती गेली, आणि २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला टाइप ५ म्हणून पुन्हा मान्यता दिली. अशा रुग्णाला ‘कमी खा’ असे सांगणे म्हणजे ज्या उपासमारीने रोग झाला तीच पुन्हा लिहून देणे आहे.


ओवी, बुधवार

गरोदरपणाचा विषय निघालाच आहे म्हणून. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० किंवा अधिक साखर आली तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. मला तो सातव्या महिन्यात निघाला, बाळंतपणानंतर गेला, आणि सहा वर्षांनी टाइप २ होऊन परत आला. बाळंतपणानंतर ‘गेला’ म्हणून तपासणी सोडू नका. मी सोडली होती.


थेम्सकाठ, गुरुवार

इंग्लंडमध्ये राहतो. येथे २०१७ मध्ये ‘डायरेक्ट’ नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. टाइप २ होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या आणि इन्सुलिनवर नसलेल्या लोकांना काही महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला गेला. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या खाली होती, आणि ज्यांनी १५ किलो किंवा अधिक वजन घटवले त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. मी स्वतः येथील आरोग्यसेवेच्या अशाच कार्यक्रमातून १३ किलो उतरवले आणि अडीच वर्षे गोळीविना आहे.

‘आमच्या अमक्याचे इन्सुलिन सुटले’ या वाक्याचा उगम मला इथे दिसतो. ते अमके बहुधा टाइप २ चे असणार. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो कृष्णाकाठताईंच्या मुलीचा नाही. सासूबाईंना सोळा वर्षे झाली आहेत, तेव्हा त्यांच्याबाबतही फार मोठी आशा धरू नये. वजन थोडे उतरले तरी फायदा मात्र नक्की होईल.


माणदेशी, गुरुवार

मग महाराष्ट्रात दिवसातून दोनच वेळा जेवण्याची जी पद्धत गाजली आहे ती सासूबाईंनी करावी का? आमच्या गावात बरेच जण करतात.

(भाकरी तोलली. पीठ १०५ ग्रॅम भरले.)


अश्विनी_नक्षत्र, गुरुवार

टाइप २ च्या सुरुवातीला, वजन जास्त असताना, मधले खाणे बंद केल्याने पुष्कळांना फायदा होतो. मात्र सासूबाईंच्या गोळ्या पुन्हा वाचा. मेटफॉर्मिन एकटे असते तर साखर सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग तुम्ही जेवा किंवा न जेवा. अडुसष्ट-सत्तरीच्या व्यक्तीने ती गोळी घेऊन जेवण टाळले तर पहाटे साखर ५० पर्यंत उतरू शकते. आधी डॉक्टरांकडून गोळीची मात्रा बदलून घ्यायची, मग जेवणाची वेळ बदलायची. क्रिएटिनिनही तपासा, कारण मूत्रपिंड मंदावले असेल तर गोळी शरीरात रेंगाळते आणि डाळी-उसळी किती वाढवाव्यात याचाही विचार करावा लागतो. इतकी वर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर ब१२ देखील पाहावे, ते कमी होते.


चंद्रभागा_पुत्र, गुरुवार

हे माझ्या आईच्या बाबतीत घडले आहे. आषाढी एकादशीला तिने सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि दिवसभर फक्त पाणी व चहा. संध्याकाळी कीर्तनात बसल्या जागी बोबडी वळली. लोकांना अर्धांगवायू वाटला. साखर ४१ होती.

पुढच्या एकादशीला आम्ही उलट टोक गाठले, दोन वेळा पोटभर साबुदाण्याची खिचडी. साखर ३१० झाली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात ना प्रथिने ना तंतू, आणि वर बटाटा. आता आई डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या दिवशी गोळी बदलते आणि ताक, शेंगदाणे, थोडी भगर, एखादे फळ असे चार वेळा थोडेथोडे घेते. पांडुरंगाला यात काही कमी पडले असे तिला वाटत नाही.


कृष्णाकाठ, तीन आठवड्यांनंतर

सर्वांना मनापासून नमस्कार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मला नोंदी घेऊन मगच लिहायचे होते.

आमच्या घरची भाकरी ९२ ग्रॅम पिठाची निघाली. सासूबाई एका वेळी दोन खात होत्या, शिवाय संध्याकाळच्या चहाबरोबर चार ‘मधुमेह्यांसाठीची’ बिस्किटे होती, ज्यांच्या पुडक्यावर कर्बोदकांचा आकडा साध्या बिस्किटांइतकाच छापलेला आहे. आता ६० ग्रॅमची एकच भाकरी, तिच्याआधी कोशिंबीर आणि वाटीभर मटकीची उसळ, आणि जेवणानंतर अंगणात पंधरा मिनिटे फेऱ्या. पहिल्या आठवड्यात दोन तासांनंतरची साखर २३४ वरून १९० च्या घरात आली, काल १६२ होती. क्रिएटिनिन किंचित वाढलेले निघाले. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड अर्धी केली आहे.

सुश्रुताचे दोन प्रकार मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून कारल्याचा रस त्या एकट्याच घेतात, आणि परवा आत्याबाईंनी चॉकलेटाचा विषय काढला तेव्हा ‘तिच्या खाण्याने झालेले नाही, गप्प बसा’ असे त्यांनीच सुनावले.

मुलीसाठी वजनकाटा आणला. भात ती स्वतः तोलते, आकडा वहीत लिहिते आणि गुणाकार करून मला युनिटे सांगते, मग मी तपासते. शाळेने दप्तरातल्या गोळ्यांना परवानगी दिली आहे. चार किलोंपैकी तीन भरून आले. तिला आता एकच गोष्ट विचारायची आहे आणि ती ताईंनाच विचार असे म्हणते. गणपतीत तिला उकडीचे मोदक खाता येतील का?


सांजवेळ_पुणे, त्याच रात्री

तिला सांगा, येतील. मोदक करताना एका मोदकाची पारी आणि सारण वेगवेगळे तोलून घ्या, कारण प्रत्येक घरचा मोदक निराळा असतो. माझ्या घरच्या मापाने एका मोदकात सुमारे २० ग्रॅम कर्बोदके निघतात, पण तुमच्या गुळाचा हात कसा आहे त्यावर हे बदलेल. पहिल्या दिवशी जेवणातला भात वगळून दोन मोदक घ्यावेत, इन्सुलिन आधी, आणि तूप असल्यामुळे दोन तासांनी व चार तासांनी अशी दोन्ही वेळा साखर पाहावी. आलेले आकडे तिने स्वतः इथे लिहावेत. चतुर्थीच्या रात्री मी धागा उघडून बसेन.